शास्त्रज्ञ कोणाला म्हणावे? विहिरी मोजणाऱ्या एका विद्यार्थिनीला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी विद्यार्थिनी रत्नागिरी जिल्ह्यातली असून भूगोल विषयात एम.ए. करते आहे. गेली दोन वर्षे ती आपल्या वाडीतल्या अकरा विहिरींची पाणीपातळी दर आठवड्याला मोजून वहीत लिहून ठेवते. गणपतीत सगळे घरी जमले असताना तिने ही वही दाखवली आणि वादाला तोंड फुटले. पुण्यात नोकरी करणारा तिचा यांत्रिकी अभियंता चुलतभाऊ म्हणाला की भूगोल ही कला शाखा आहे, तिथे शास्त्रज्ञ होत नाहीत. आत्याचे यजमान डॉक्टर आहेत, त्यांचे मत असे पडले की वैद्यक आणि भौतिकशास्त्र यांच्या पलीकडचे सगळे विषय अर्धवट शास्त्रे आहेत. मामांनी, पीएच.डी. झाल्याशिवाय कोणीच स्वतःला शास्त्रज्ञ म्हणू नये, असा निकाल दिला. तेव्हा कोणते विषय आणि कोणत्या पदव्या माणसाला शास्त्रज्ञ बनवतात, याची स्पष्ट यादी तिला हवी आहे.

मी कोकणात फळझाडांच्या संशोधनात चौतीस वर्षे काम केले आणि त्यातली बरीच वर्षे माझ्या पदनामातच हा शब्द होता. म्हणून आधी उत्तर देतो आणि मग त्याची कारणे सांगतो. अशी यादी करता येत नाही. पदवी माणसाला शास्त्रज्ञाच्या कामासाठी तयार करते आणि त्या कामाच्या जागी प्रवेश मिळवून देते, हे दोन्ही फार मोलाचे आहे. परंतु शास्त्रज्ञ ठरतो तो कामाच्या पद्धतीवरून. निसर्गाला किंवा समाजाला असा प्रश्न विचारायचा की त्याचे उत्तर ‘नाही’ असे येऊ शकेल, ते उत्तर आपल्याला न आवडणारे असले तरी नोंदवायचे आणि ती नोंद दुसऱ्या कोणालाही तपासता येईल अशा रीतीने उघडी ठेवायची, हे ज्याच्या रोजच्या कामात आहे त्याला मी शास्त्रज्ञ म्हणतो.

हा वाद मराठीत जास्त गुंतागुंतीचा होतो, कारण आपला ‘शास्त्र’ हा शब्द फार जुना आणि फार रुंद आहे. पाकशास्त्र, नीतिशास्त्र, अर्थशास्त्र, धर्मशास्त्र, भौतिकशास्त्र, ज्योतिषशास्त्र हे सगळे एकाच शब्दाच्या छपराखाली राहतात. चिपळूणजवळ परशुरामच्या परिसरात जन्मलेल्या पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासावर जे प्रचंड काम केले त्यासाठी त्यांना १९६३ साली भारतरत्न मिळाले, आणि शास्त्र जाणणारा या मूळ अर्थाने त्यांच्याइतका मोठा शास्त्रज्ञ कोकणाने क्वचितच पाहिला असेल. तरीही नुसते ‘शास्त्रज्ञ’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा येते. व्याकरणाने अर्थशास्त्रज्ञही शास्त्रज्ञच, पण बोलण्यात आपण त्याचा ‘अर्थ’ कधी काढून टाकत नाही. तेव्हा विषयाच्या नावात शास्त्र आहे की नाही, यावरून काहीच ठरत नाही. भूगोलाच्या नावात ते नाही, ज्योतिषाच्या नावात आहे.

ज्या इंग्रजी शब्दासाठी आपण ‘शास्त्रज्ञ’ वापरतो तो ‘सायंटिस्ट’ हा शब्द मात्र अगदी अलीकडचा आहे. विल्यम ह्यूएल या केंब्रिजच्या विद्वानाने तो १८३३ च्या सुमारास सुचवला आणि १८३४ साली विज्ञानलेखिका मेरी सॉमरव्हिल यांच्या ग्रंथाच्या परीक्षणात तो छापून आला. सॉमरव्हिल यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, कारण स्त्रियांना तेव्हा ती मिळतच नसे. ह्यूएल स्वतः गणित शिकलेला धर्मोपदेशक होता. किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना विशेष वाटावे असे की त्याच्या संशोधनाचा आवडीचा विषय भरती-ओहोटी हा होता. १८३५ च्या जून महिन्यात त्याने अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवरच्या नऊ देशांत साडेसहाशेहून अधिक ठिकाणी दोन आठवडे एकाच वेळी भरतीची मोजणी घडवून आणली. या मोजण्या घेणारे लोक तटरक्षक, बंदरांवरचे कर्मचारी आणि खलाशी होते. त्यांच्या आकड्यांवाचून ह्यूएलचा एकही नकाशा उभा राहिला नसता. शब्द देणाऱ्याने मात्र तो शब्द त्यांना दिला नाही, आणि तुमच्या घरी झालेल्या वादाची पाळेमुळे मला तिथपर्यंत गेलेली दिसतात.

भरतीचेच उदाहरण पुढे नेतो, कारण जाणकारी आणि शास्त्र यांतला फरक त्यात फार स्वच्छ दिसतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा हिशेब मुंबईपासून खाली आपल्या किनाऱ्यावर अनेकांना पाठ असतो. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. उधाण, म्हणजे मोठी भरती, कधी आणि भांग, म्हणजे लहान भरती, कधी हे सांगायला त्यांना पंचांगापलीकडे काही लागत नाही. ही जाणकारी पिढ्यानपिढ्यांच्या निरीक्षणातून आलेली आहे आणि तिचा मान राखलाच पाहिजे. आता हाच हिशेब पौर्णिमेला लावून पाहा. पंधरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाअकरा येतात, आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला मोजणी पुन्हा पाऊणपासून सुरू होते. मधली पाऊण घटका नव्हे, चांगला पाऊण तास कुठे गेला? तीस तिथींत भरतीची वेळ चोवीस तासांनी सरकून पुन्हा मूळ जागी येते, म्हणजे एका तिथीला ती अठ्ठेचाळीस मिनिटे सरकते. आपला पाठ हिशेब मात्र पंचेचाळीस मिनिटे धरतो. तिथीमागे तीन मिनिटांची ही चूक पंधरा तिथींत पाऊण तासाची होते आणि पक्ष संपला की हिशेब नव्याने सुरू होत असल्याने ती आपोआप पुसली जाते. शिवाय वेंगुर्ल्याची भरती मुंबईच्या आधी येते, कारण भरतीची लाट आपल्या किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. हिशेब पाठ असणे ही जाणकारी आहे. हिशेब कुठे आणि किती चुकतो हे शोधून त्याचे कारण विचारणे हे शास्त्र आहे, आणि हे काम करायला खगोलशास्त्राची पदवी असलेला माणूसच लागतो असे नाही. गुणाकार, घड्याळ, वही आणि स्वतःच्या हिशेबावर संशय घेण्याची तयारी एवढे मात्र लागते.

पदव्यांच्या नावांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांत शोधण्यासारखे फारसे नाही. केंब्रिजमध्ये भौतिकशास्त्र शिकणाऱ्यालाही पहिली पदवी बी.ए. अशीच मिळते. आपल्याकडे काही विद्यापीठांत भूगोलाची पदव्युत्तर पदवी एम.ए. आणि एम.एस्सी. अशा दोन्ही नावांनी दिली जाते, आणि कोणते नाव मिळायचे हे विद्यार्थी आधी कोणत्या शाखेतून आला यावर अवलंबून असते. गणिताचेही तसेच आहे. कला शाखा आणि विज्ञान शाखा ही प्रवेशाच्या खिडक्यांची नावे आहेत. त्या खिडक्यांवरून ज्ञानाच्या सीमा आखायला गेलो तर एकाच वर्गात एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलींपैकी एक शास्त्रज्ञ होऊ शकते आणि दुसरी नाही, असे म्हणण्याची पाळी येईल.

तुमच्या चुलतभावाचे म्हणणे मी गंभीरपणे घेतो, कारण अभियंत्यांचा प्रश्न खरोखर अवघड आहे. इस्रोमध्ये पदाचे नावच ‘वैज्ञानिक/अभियंता’ असे जोडून लिहिले जाते आणि त्या पदावर अभियांत्रिकीचे पदवीधर घेतले जातात. अब्दुल कलाम यांचे व्यावसायिक शिक्षण विमान अभियांत्रिकीचे होते, तरी सारा देश त्यांना शास्त्रज्ञ म्हणतो. माझ्या मते अभियंत्याचे मुख्य काम चालेल अशी वस्तू उभी करणे हे आहे. पूल उभा राहिला, पंप चालला, की त्याचा प्रश्न सुटला. शास्त्रज्ञाचा प्रश्न वस्तू चालल्यावरही संपत नाही, कारण ती का चालते हे त्याला हवे असते आणि न चालल्यास त्यातून त्याला अधिक शिकायला मिळते. एकच माणूस सकाळी एक काम करतो आणि दुपारी दुसरे, असे पुष्कळदा घडते. आपल्या कातळावरच्या खोदचित्रांचेच पाहा. रत्नागिरी, लांजा, राजापूर या तालुक्यांतल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळांवर, पायपीट करून ती शोधणाऱ्या आणि नोंदवणाऱ्या मंडळींत पेशाने अभियंता असलेले सुधीर रिसबूड अग्रभागी आहेत आणि त्यांच्या सहकाऱ्यांत भूगोलाचे प्राध्यापकही आहेत. २०२२ साली कोकणातली कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत गेली, त्यामागे अशा नोंदींचा मोठा वाटा आहे. त्या चित्रांचा काळ ठरवायला मात्र पुरातत्त्वाचे रीतसर शिक्षण घेतलेली माणसे लागतात आणि लागतीलच. म्हणजे तुमच्या भावाचा आणि तुमचा, दोघांचाही विषय या एकाच कामात खांद्याला खांदा लावून उभा आहे.

वैद्यकाचा मुद्दा मला अधिक जवळचा वाटतो, कारण त्याचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्याच मातीतले आहे. रोगी तपासून योग्य औषध देणारा डॉक्टर समाजाला अत्यंत आवश्यक असतो, परंतु तेवढ्याने तो शास्त्रज्ञ होत नाही. तो इतरांनी तपासून ठेवलेले ज्ञान कौशल्याने वापरत असतो. आता महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेल्या डॉ. हिम्मतराव बावस्करांकडे पाहा. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने, विशेषतः मुले, दगावत असत. विंचू चावला, ओकारी झाली, दरदरून घाम सुटला, हातपाय गार पडले आणि काही तासांत फुफ्फुसांत पाणी भरून रोगी गेला, हे सर्वांनी पाहिलेले होते. बावस्करांनी निराळे काय केले? ते रोग्याच्या खाटेजवळ बसून राहिले, आणि दंश कधी झाला, पहिली ओकारी कधी, नाडी किती, रक्तदाब किती आणि तो कधी चढला, कधी पडला, हे तासातासाने लिहीत गेले. त्या नोंदींतून धोक्याची सुरुवातीची लक्षणे वेगळी काढता आली आणि १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. पुढे विंचवाच्या विषाने शरीरात जी खळबळ होते ती प्राझोसिन या रक्तदाबावरच्या स्वस्त गोळीने रोखता येते हे त्यांनी दाखवले आणि १९८६ साली तेही ‘लॅन्सेट’मध्ये आले. ते एवढ्यावर थांबले नाहीत. विंचवाच्या विषावर उतारा म्हणून द्यायची प्रतिलस उपलब्ध झाल्यावर नुसती गोळी आणि गोळीसोबत प्रतिलस यांची रोग्यांचे रीतसर गट पाडून तुलनाही त्यांनी केली. म्हणजे स्वतःच्याच उपचाराला त्यांनी पुन्हा परीक्षेला बसवले. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. बिरवाडीतल्या त्या पहिल्या नोंदवहीला मात्र कोणत्याही विद्यापीठाचे किंवा प्रयोगशाळेचे नाव नव्हते. त्यांच्याइतकीच पदवी असलेले शेकडो डॉक्टर तेव्हा राज्यात काम करत होते, तेव्हा फरक पदवीने पडलेला नाही हे उघड आहे.

आता अर्धवट शास्त्रांविषयी. मानसशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल यांत मोजणे कठीण असते, कारण माणूस हा विषय प्रयोगशाळेत बंद करून ठेवता येत नाही. कठीण असणे आणि अशास्त्रीय असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे मूळचे गणिती. त्यांनी हार्वर्डची पहिली पदवी १९२९ साली घेतली आणि पीएच.डी. कधीच केली नाही. आनुवंशिकीत जनुकांमधले अंतर काढण्यासाठी त्यांनी दिलेले सूत्र आजही त्यांच्या नावाने शिकवले जाते. त्याच माणसाने प्राचीन आहत, म्हणजे ठसे मारून घडवलेली, नाणी हजारोंनी काट्यावर ठेवून वजन केली. हातोहात फिरताना नाण्याची झीज होते, जितके जास्त फिरले तितके वजन कमी आणि नाण्यानाण्यांतला फरक जास्त, या विचारातून त्यांनी नाण्यांचा कालक्रम लावण्याची पद्धत उभी केली. इतिहास हा कला शाखेचा विषय. पण काट्यावर ठेवलेले नाणे ‘तुमचा अंदाज चुकला’ असे सांगू शकते, आणि जिथे असे सांगण्याची सोय ठेवली आहे तिथे शास्त्र सुरू झालेले आहे.

उलट बाजूचेही उदाहरण मराठी वाचकांना ठाऊक आहे. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात ज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुले आणि मतिमंद मुले यांच्या कुंडल्या एकत्र करून सत्तावीस ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस कुंडल्या दिल्या गेल्या आणि कोणती कुंडली कोणत्या गटातली हे ओळखायला सांगितले गेले. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण ४६ टक्के आले. नाणे उडवले असते तरी सुमारे पन्नास टक्के आले असते. म्हणजे नावात शास्त्र असलेल्या विद्येला आपला दावा तपासून घेण्याची संधी मिळाली आणि तो दावा टिकला नाही. तुमच्या घरच्या वादात विषयांची उतरंड लावण्याऐवजी, या विषयात दावा खोटा ठरण्याची वाट आहे का, एवढे विचारले असते तर बरेचसे भांडण तिथेच मिटले असते.

माझ्या स्वतःच्या कामातली एक गोष्ट सविस्तर सांगतो. हापूसमधला साका बागायतदारांना नव्याने सांगायला नको. फळ बाहेरून निर्दोष दिसते, आढीत रंगही धरते आणि कापल्यावर आत गर पांढरट, स्पंजासारखा, आंबूस निघतो. निर्यातीच्या आंब्यात हा दोष १९३० च्या दशकातच नोंदला गेला होता आणि त्याने आजवर अनेकांना रडवले आहे. आमच्या प्रयोगाच्या कलमांवर काम करणारे एक वयस्क गृहस्थ होते. शिक्षण चौथीपर्यंत, पण आंब्यात हयात गेलेली. ते एकदा फळ हातात तोलत मला म्हणाले, “साहेब, माका कापूची गरज नाय, हातात घेतल्यार कळता.” मी म्हटले, काका, करून पाहू. शंभर फळे घेतली, प्रत्येकावर आकडा घातला आणि त्यांनी ती साक्याची आणि चांगली अशा दोन ढिगांत लावली. मग आम्ही दोघांनी मांडवात बसून एकेक फळ कोयीपर्यंत कापले. ते कापत होते आणि मी लिहीत होतो. साक्याच्या ढिगात जितका साका निघाला, जवळजवळ तितकाच चांगल्या ढिगातही निघाला. शेवटची पंचवीस-तीस फळे त्यांनी एक शब्द न बोलता कापली. पुढे कित्येक दिवस मला वाईट वाटत राहिले, कारण मी एका कष्टाळू माणसाचा अभिमान दुखावला होता.

दुसऱ्या वर्षी मोसमात ते एक शंभर पानी वही घेऊन आले. प्रत्येक कलमाचे नाव, फळ कोणत्या बाजूच्या फांदीचे, जमिनीपासून किती हात वर, खाली पाचोळा होता की उघडा कातळ, उतरवल्याची तारीख, आणि कापल्यावर काय निघाले, हे सगळे त्यांनी नातवाकडून लिहून घेतले होते. मी पाने उलटली तसे दिसू लागले की उघड्या, तापलेल्या कातळावरच्या खालच्या फांद्यांना साका जास्त होता. जमिनीतून परतणारी उष्णता हे साक्याचे एक कारण असल्याचे आणि झाडाखाली पाचोळ्याचे आच्छादन घातल्यास तो कमी होत असल्याचे संशोधकांनी स्वतंत्रपणे मांडलेले होतेच. काकांना त्यातले काही ठाऊक नव्हते. मला त्यांच्या वहीतली सर्वांत मोलाची पाने कोणती वाटली हेही सांगतो. एका कलमाखाली दाट पाचोळा असूनही साका निघाला होता, आणि ते कलम त्यांनी वहीतून गाळले नव्हते. पहिल्या वर्षीचे काका जाणकार होते. दुसऱ्या वर्षीचे काका त्या एका प्रश्नापुरते शास्त्रज्ञ होते, असे मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो.

ही गोष्ट मला इतकी लागली त्यालाही कारण आहे. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत, ज्या संस्थेत मी होतो तिथे तुडतुडे या किडीवरच्या एका फवारणीचा प्रयोग चालू होता. मोहोरावरचे तुडतुडे मोजायचे, फवारायचे आणि पुन्हा मोजायचे, असे काम होते. तीन झाडांवर फवारणीनंतरही तुडतुडे तसेच राहिले. वरिष्ठांनी मला सांगितले की त्या तीन झाडांमुळे सरासरी बिघडते, त्यांची नोंद अहवालात घेऊ नका. मी ती घेतली नाही. अहवाल नीटनेटका झाला आणि मंजूरही झाला. नंतर केव्हातरी मी त्या झाडांपाशी पुन्हा गेलो तेव्हा दिसले की ती शेजारच्या न छाटलेल्या, दाट, अंधाऱ्या बागेला लागून होती. तुडतुड्याला अशीच दाट आणि दमट सावली मानवते. फवारणीपेक्षा छाटणीबद्दल सांगण्यासारखे जे होते ते त्या तीन झाडांनी आम्हाला सांगितले होते आणि आम्ही ते खोडून टाकले. त्या खोलीत निर्णय घेणाऱ्या सर्वांकडे पीएच.डी. होती. तुमच्या मामांना माझ्या वतीने हे अवश्य सांगा.

यावरून पदवी निरुपयोगी आहे असा अर्थ मात्र काढू नका, तो मला अजिबात मान्य नाही. पदवीच्या काळात मला संख्याशास्त्र कोणीतरी बसवून शिकवले, माझ्या चुका लाल शाईने दाखवल्या, आणि माझ्या आधी लोकांनी काय करून पाहिले ते वाचायला लावले. एकट्याने हे सगळे मिळवायला आयुष्य जाते. कीटकनाशकांवर किंवा रोगजंतूंवर काम करायचे असेल तर रीतसर प्रशिक्षण घेतल्याशिवाय कोणी हातही लावू नये. शिवाय दारावर पदवीच विचारली जाते, हे वास्तव आहे. सलीम अलींना पक्षितज्ज्ञाची सरकारी जागा मिळाली नाही, कारण त्यांच्याकडे रीतसर पदवी नव्हती. पुढे मुंबईच्या संग्रहालयातली नोकरीही राहिली नाही आणि १९३० साली ते अलिबागजवळ किहीमला येऊन राहिले. तिथे घराजवळच्या झाडांवर सुगरणींची वसाहत होती. तिच्यासमोर दिवसचे दिवस बसून त्यांनी पाहिले की नर अर्धवट घरटे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तरच राहते, आणि ती अंडी घालू लागली की नर ते घरटे पुरे करून दुसऱ्या मादीसाठी दुसरे विणायला घेतो. १९३१ साली हे निरीक्षण प्रसिद्ध झाले आणि सुगरणीविषयीची समजूत बदलली. पदवीअभावी नाकारलेल्या माणसाने हे काम केले याचा आपल्याला आनंद वाटतो, परंतु तशाच कारणाने परत फिरलेल्या आणि किहीमसारखा आसरा नसलेल्या कितीजणांचे काम होऊच शकले नसेल, याचा विचारही मनात यायला हवा. आणि पदवी असली तरी दार उघडतेच असे नाही. कमला सोहोनी मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम रीतीने उत्तीर्ण होऊनही १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून त्यांना आधी नकार मिळाला आणि नंतर अटींवर प्रवेश मिळाला. १९३९ साली त्या केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या आणि पुढे त्यांनी ताडाच्या नीरेच्या पोषणमूल्यावर काम केले.

एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो तुमच्या वहीशी जोडलेला आहे म्हणून लिहितो. नुसती मोजणी करणाऱ्याला काय म्हणावे? अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात आहेत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि कुलाब्याची उपकरणे बिघडणार हे ओळखून नानाभाई मूस यांनी वेधशाळा इथे हलवली आणि जुनी-नवी नोंद जुळावी म्हणून सुमारे दोन वर्षे दोन्हीकडे समांतर मोजणी चालू ठेवली. तेव्हापासून आजवर तिथे रोज वाचन घेणाऱ्या कर्मचाऱ्यांची नावे कोणत्याही शोधनिबंधावर फारशी दिसणार नाहीत. ते सगळे शास्त्रज्ञ होते असे मी म्हणणार नाही, कारण प्रश्न त्यांचा नव्हता. परंतु ज्याने वाचन चुकल्यावर ‘चुकले’ असे लिहिले, मागच्या आकड्यावरून अंदाजाने रकाना भरला नाही, त्याने शास्त्राचा सर्वांत कठीण नियम पाळला, आणि एवढे न पाळणारे पदनामधारी मी पाहिले आहेत.

आता तुमच्या अकरा विहिरींकडे येतो. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या भागात एप्रिल-मेमध्ये टँकर का लागतो, हा प्रश्न भूगोलाचा आहे, भूशास्त्राचा आहे, शेतीचा आहे आणि बायकांच्या डोक्यावरच्या हंड्याचाही आहे. पाणी सच्छिद्र जांभ्यातून झिरपत खालच्या चिकणमातीच्या थरापर्यंत जाते आणि उताराच्या कडेने झऱ्यावाटे निघून जाते, हे आपल्याला ढोबळमानाने माहीत आहे. लॅटराइट हे जांभ्याचे शास्त्रीय नाव मलबारात पाहिलेल्या त्या दगडावरून १८०७ साली फ्रान्सिस ब्यूकॅनन यांनी दिले, आणि ते पेशाने वैद्य होते. पण तुमच्या वाडीतली कोणती विहीर कोणत्या आठवड्यात तळ गाठते आणि शेजारची का गाठत नाही, हे तुमच्या वहीखेरीज कुठेही लिहिलेले नाही.

म्हणून काही सूचना करतो. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर रंगाने एक खूण करा आणि दोरी नेहमी त्याच खुणेवरून सोडा. सुती दोरी भिजली की तिची लांबी बदलते, म्हणून मोजपट्टीच वापरा. वेळ पहाटेची ठेवा, कोणी पाणी काढायला येण्याआधीची, आणि आदल्या संध्याकाळी पंप चालला होता का, चालला असल्यास किती वेळ, हे घरोघरी विचारून शेजारच्या रकान्यात लिहा. ज्या आठवड्यात तुम्ही परीक्षेला गेला होता तो आठवडा कोरा ठेवा. पावसाचा आकडा तालुक्याच्या गावचा न घेता वाडीतच एक पर्जन्यमापक ठेवून घ्या, कारण आपल्याकडे एका सड्याच्या दोन बाजूंना वेगळा पाऊस पडतो. आणि तुम्ही पत्रात ओझरता उल्लेख केलेली ती सातव्या क्रमांकाची विहीर, जी उंचावर असूनही मेअखेरपर्यंत आटत नाही आणि जिच्यामुळे तुमचा आलेख बिघडतो, तिला आलेखातून काढू नका. तिच्यापासून सुरुवात करा, आणि पुढच्या मोसमात तिच्या आजूबाजूचा उतार पावलांनी मोजून त्याचा कच्चा नकाशा मला पाठवा.